डोळे मिटल्यावर काय दिसते?

मंडळी, आपल्या मराठीत आठवण नेहमी 'डोळ्यांसमोर उभी राहते'. पण ज्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही, त्याने काय म्हणावे?

मनातल्या चित्राचा स्मरणाला आधार असतो, यात वाद नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात हे मांडले. शब्दाबरोबर चित्रही साठले, तर आठवायला दोन वाटा मिळतात. म्हणून 'न्याय' या शब्दापेक्षा 'घागर' चटकन लक्षात राहते. आम्ही शिक्षक फळ्यावर चित्र काढत आलो, ते याचसाठी.

पण हे चित्र सगळ्यांना सारखे दिसत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवायला सांगून ते किती स्पष्ट दिसते, असे लोकांना विचारले होते. कित्येक वैज्ञानिकांनी 'असे काही दिसतच नाही' असे कळवले. हे १८८० साली प्रसिद्ध झाले. या अवस्थेला 'अफँटेशिया' हे नाव मात्र २०१५ साली मिळाले, ब्रिटनच्या ॲडम झेमन यांच्याकडून. ॲनिमेशनपट काढणाऱ्या पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल हेही त्यांतलेच!

मग ही माणसे विसरभोळी असतात का? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खोल्यांचे फोटो दाखवून ते आठवणीने काढायला सांगितले. अशा लोकांनी वस्तू कमी काढल्या, पण त्यांच्या जागा इतरांइतक्याच अचूक होत्या. शिवाय फोटोत नसलेल्या वस्तू त्यांनी कमी घुसडल्या.

आमच्या नात्यातली एक मुलगी आईच्या वर्षश्राद्धाला म्हणाली, "मला आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येत नाही." एक वडीलधारी बाई पटकन बोलल्या, "इतक्यात विसरलीस?" पोरगी गप्पच झाली. मला ते फार लागले. आई आमटीत गूळ किती घालायची, रागावली की कोणता शब्द वापरायची, हे तिच्याइतके बिनचूक घरात कोणी सांगत नाही. चेहरा दिसणे ही आठवण्याची एक रीत आहे. त्यावरून माया मोजू नये.

शाळेतही तेच. 'डोळे मिटा, चित्र आणा' हे जरूर सांगावे, पण ज्याला जमत नाही त्याला मठ्ठ ठरवू नये. त्याला नकाशा काढू द्या, गोष्ट सांगू द्या, हाताने करून पाहू द्या.

असो. आज जेवताना घरातल्यांना एवढे विचारून पाहा: डोळे मिटून आंबा आठवला, तर दिसतो का? आणि कोणी 'नाही' म्हणाले, तर हसू नका. पुढे ऐका.