तेरखेड्याची वीज, सूर्याचे वादळ आणि घड्याळाचा काटा

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. ज्या गावाची उपजीविका दारूकामावर चालते, त्या गावाला आकाशात चमकणारी वीज ही केवळ पावसाची वर्दी वाटत नाही. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. त्यामुळे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपचा इशारा येथे विशेष मोलाचा ठरतो. मात्र हा इशारा ज्या अचूक वेळेच्या आधारावर उभा आहे, तिचा धागा थेट सूर्यापर्यंत पोहोचतो, याची जाणीव फारच थोड्यांना असेल.

वीज कोसळते तेव्हा प्रकाश आणि गडगडाट यांच्याबरोबरच रेडिओ लहरींचा एक कल्लोळ सर्व दिशांना पसरतो. त्यातील मोठा वाटा कमी वारंवारतेच्या लहरींचा असतो. जुन्या रेडिओसंचावर पावसाळ्यात ऐकू येणारी खरखर हे त्याचेच रूप. संस्थेने प्रारंभी महाराष्ट्रात वीस संवेदक बसवले आणि पुढे हे जाळे देशभर विस्तारले. एकाच विजेचा संकेत वेगवेगळ्या संवेदकांवर नेमका केव्हा पोहोचला, या वेळांतील फरकावरून ती कोठे पडली याचे गणित मांडले जाते. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहालाखाव्या भागात, सुमारे तीनशे मीटर अंतर कापते. घड्याळांमध्ये दहा मायक्रोसेकंदांची तफावत पडली, तर विजेचे ठिकाण तीन किलोमीटरच्या घरात चुकू शकते. म्हणूनच ही सर्व घड्याळे उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेशी जुळवलेली असतात.

जमिनीवरची वेळ

वेळ कळवण्याचा याहून जुना मार्ग जमिनीवरून जातो. जर्मनीत माइनफ्लिंगेन येथून ७७.५ किलोहर्ट्झवर, तर ब्रिटन आणि अमेरिकेतून ६० किलोहर्ट्झवर प्रमाणवेळेचे संकेत अहोरात्र प्रसारित होतात. जपान व चीनमध्येही अशी केंद्रे आहेत. तेथील भिंतीवरची आणि मनगटावरची घड्याळे हे संकेत पकडून रात्रीतून आपोआप जुळतात. परदेशातील नातलगाने भेट दिलेले असे घड्याळ तेरखेड्यात आणले, तर ते साध्या घड्याळासारखे चालत राहील; मात्र जुळवून घेण्यासाठी त्याला जवळपास एकही केंद्र सापडणार नाही. भारतात अशी कमी वारंवारतेची वेळसेवा नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवरील सेवा लघुलहरींवर चालत असे. तीही आता इतिहासजमा झाली आहे.

या दोन्ही प्रकारच्या लहरींवर सूर्याचा परिणाम निरनिराळा होतो. सूर्यावर ज्वाला उसळली की तिची क्ष-किरणे सुमारे सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात आणि दिवसाच्या बाजूला, सुमारे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरील ‘डी’ थरातील विद्युतभारित कण एकाएकी वाढतात. लघुलहरी या थरात शोषल्या जातात आणि दूरचे केंद्र काही काळ मुके होते. कमी वारंवारतेच्या लहरी मात्र त्याच थरावरून परावर्तित होतात. परावर्तनाची उंची काही किलोमीटरने खाली आली की लहरीची वाट बदलते आणि संकेत काही मायक्रोसेकंद आधी पोहोचतो. त्याची तीव्रताही कमीजास्त होते. मनगटी घड्याळाला हा फरक जाणवतही नाही. प्रयोगशाळेला तो जाणवतो, आणि अशा लहरींच्या नोंदींवरून शास्त्रज्ञ सूर्याच्या ज्वालाही ओळखतात. सामान्य वापरात वेळेचा संकेत बिघडवण्यात सूर्यापेक्षा स्थानिक विजा आणि विद्युत उपकरणांचा गोंगाटच अनेकदा पुढे असतो.

उपग्रहांची नाजूक बाजू

उपग्रहाच्या संकेताला मात्र आयनांबराची सारी जाडी भेदून यावे लागते, आणि भारत नेमका त्या पट्ट्यात आहे जेथे हे आयनांबर अत्यंत चंचल असते. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, तेथे कमी घनतेचे बुडबुडे तयार होतात आणि उत्तरेकडेही पसरतात. त्यांतून येणारा संकेत ताऱ्यासारखा लुकलुकतो. सौरचक्राच्या ऐन भरात हा उपद्रव वाढतो. चुंबकीय वादळ केव्हा सुरू झाले यावर ते वाढणार की दबणार हे ठरते, म्हणून त्याचे भाकीत अवघड असते. मे २०२४ मध्ये २००३ नंतरचे सर्वांत तीव्र वादळ आले, तेव्हा लडाखमधील हानले येथून ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या ट्रॅक्टरांची दिशा चुकू लागली.

याचा अर्थ एका रात्रीच्या गोंधळाने विजेचे जाळे किंवा मोबाइलचे मनोरे बंद पडतील, असा नाही. चांगल्या संग्राहकाचे स्वतःचे घड्याळ काही तास तग धरते. धोका आहे तो व्यत्यय लांबण्याचा आणि पर्याय नसण्याचा. दूरसंचार, बँका, शेअर बाजार आणि वीजवहनाचे जाळे हे सारेच अचूक वेळेच्या मेहेरबानीवर चालतात.

मुंबईचा जुना धडा

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्यात वेधशाळा स्थापन केली, ती खगोलीय निरीक्षणे आणि मुंबई बंदराची वेळ राखणे या कामांसाठी. पुढे तेथे चुंबकीय नोंदीही सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातील सर्वांत मोठे ज्ञात सौरवादळ आले, तेव्हा निरीक्षकांनी डोळ्यांनी घेतलेल्या या नोंदींत क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे आढळते. वेळ आणि वादळ या दोहोंचा हिशेब एकाच छपराखाली ठेवला जात होता! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. आज पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था हा वारसा चालवते, तर पुण्याच्या आयुकाने बनवलेली दुर्बीण ‘आदित्य एल-१’ यानातून सूर्यावर नजर ठेवून आहे.

वेळेच्या आघाडीवरही हालचाल आहे. भारतीय प्रमाणवेळ सर्वत्र बंधनकारक करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. स्वदेशी अणुघड्याळ असलेला एनव्हीएस-०१ उपग्रह मे २०२३ मध्ये झेपावला. त्याच्या पाठोपाठचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. उपग्रह स्वदेशी असला तरी त्याचा संकेत त्याच आयनांबरातून खाली येतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. चीन आणि दक्षिण कोरिया यांनी १०० किलोहर्ट्झची सुधारित लोरान यंत्रणा जमिनीवर उभारली ती याच विचाराने. भारतालाही हे तंत्र अपरिचित नाही: धांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा येथे जहाजांसाठी लोरानची ‘मुंबई साखळी’ उभारण्यात आली होती. उपग्रह आले आणि ती मागे पडली.

खर्च, जागा आणि देखभाल यांचा हिशेब मांडल्याशिवाय ती पुन्हा उभारा असे म्हणणे घाईचे होईल. प्रकाशतंतूंद्वारे वेळ पोहोचवणे हाही एक मार्ग आहे. परंतु जमिनीवरचा एक तरी स्वतंत्र आधार हवा, हे तत्त्व मान्य करायला हरकत नसावी. तेरखेड्यातील कामगार मोबाइलवरचा इशारा पाहून शेडबाहेर पडतो, तेव्हा त्याला आयनांबराशी कर्तव्य नसते. इशारा वेळेवर यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती वेळ एकाच दोरीवर टांगलेली राहू नये, याची चिंता वाहणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे.