विसाव्याचे दोन दिवस

सुट्टीचे दोन दिवस हाती आले, की अनेकजण दहा स्थळांची यादी घेऊन निघतात आणि अधिकच थकून परततात. शीण उतरावा असे वाटत असेल, तर एकच गाव निवडावे आणि सोबतीला जिवलग मित्र असावा. मराठी माणसासाठी तंजावर हे असे गाव आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी येथे स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. राजवाडा मूळचा नायक राजांचा; भोसल्यांनी तो वाढवला. त्याच्याच परिसरात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी ते देशोदेशीच्या ग्रंथांनी समृद्ध केले. संस्कृत, तमिळ व तेलुगू हस्तलिखितांच्या शेजारी मोडी लिपीतील मराठी कागदपत्रेही तेथे जपलेली आहेत. गावातील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला.

घाईच्या प्रवाशाला तो शिलालेख दिसतो, पण वाचता येत नाही. त्यासाठी सवड हवी. दोन मित्र तेथे थांबतात. एकाला अडलेले अक्षर दुसरा लावतो. तमिळ मुलखात आपली भाषा सन्मानाने नांदली, हे त्यांना त्या अक्षरांतून उमगते.

‘एवढ्या दूर जाऊन इतकेच पाहिले?’ असे कोणी विचारील. परंतु धावपळीत पाहिलेली दहा स्थळे लवकरच विस्मरणात जातात; मित्राच्या सोबतीने लावलेली एक ओळ मात्र जन्मभर स्मरते. मन निवांत करणारा आणि समृद्धही करणारा असा प्रवास हाच खरा विसावा होय.