राखीव म्हणजे शिल्लक नव्हे

9 ऑक्टोबर ही तारीख वाशीमकरांनी दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावी. 1949 साली याच दिवशी राजगोपालाचारींच्या हस्ते प्रादेशिक सेनेचे उद्घाटन झाले. आणि 2024 साली याच दिवशी वाशीमसह राज्यातील 10 शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे. पहिली संस्था नागरिकाला अर्धवेळ सैनिक बनविते. दुसरी मागास जिल्ह्याला डॉक्टर देऊ पाहते. उद्या या दोन्ही संस्थांनी एकाच डॉक्टरवर हक्क सांगितला, तर काय करावयाचे?

आपला व्यवसाय सांभाळून वर्षातील महिना-दोन महिने प्रशिक्षण घ्यावयाचे आणि संकटकाळी हाक येताच रुजू व्हावयाचे, हे प्रादेशिक सेनेचे तत्त्व होय. तीत रेल्वे व तेलउद्योगांप्रमाणे सर्वसाधारण इस्पितळांच्या तुकड्यांनाही स्थान मिळालेले आहे. कायमचे मोठे वैद्यकीय दल पोसण्यापेक्षा ही व्यवस्था स्वस्त, हे उघड आहे. परंतु स्वस्त कोणाला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

त्याचे उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात सापडते. इंग्रजी अमदानीत मुलकी कामावरील इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी हे सैन्याचे युद्धकालीन राखीव बळ मानले जात. 1914 साली महायुद्ध सुरू होताच त्यांतील अनेकांना परत बोलावण्यात आले. पुढे 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा वैद्यकीय खाते आधीच तोकडे पडलेले होते. आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा साथीने सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. साथ युद्धाविनाही आली असती, हे खरे. पण तिला तोंड देणारे हात मात्र आपणच दूर धाडले होते.

2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत संरक्षण मंत्रालयाने सैन्यातून मुक्त झालेल्या 400 डॉक्टरांना जास्तीत जास्त 11 महिन्यांच्या करारावर बोलावण्यास मान्यता दिली. निर्णय योग्यच होता. तथापि त्यांतील जो डॉक्टर एखाद्या मुलकी इस्पितळातून आला असेल, त्याने देशातील डॉक्टरांची संख्या वाढविली नाही. केवळ जागा बदलली.

महानगरात एक भूलतज्ज्ञ महिनाभर रजेवर गेला तर दुसरा मिळतो. मानोरा किंवा रिसोडसारख्या ठिकाणी एकुलता भूलतज्ज्ञ गेला, तर अडलेल्या बाळंतिणीला अकोल्याची वाट धरावी लागेल. नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्या वाशीमचे नाव आले, त्याने देशरक्षणाचा हा छुपा कर का भरावा?

म्हणून राखीव डॉक्टर नकोत, असे नव्हे. अशा तुकड्या भरपूर अध्यापकवर्ग असलेल्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडाव्यात. लहान जिल्ह्यातील डॉक्टरला बोलावण्यापूर्वी त्याच्या बदलीचा डॉक्टर नावानिशी ठरलेला असावा, आणि त्याचा खर्च संरक्षण खात्याने उचलावा. वाशीमचे महाविद्यालय पूर्ण उभे राहील तेव्हा तेही हा भार आनंदाने वाहील. तोपर्यंत नियोजनकर्त्यांनी एकच डॉक्टर दोन खात्यांत जमा दाखवू नये. जमाखर्चात असली चूक पकडली जाते. येथे ती रुग्णाच्या जिवावर बेतते.