चिंतन की आणखी एक परीक्षा?

ब्रिटनमधील आमच्या कित्येक घरांतील मुलेमुली आज वैद्यकीय शिक्षण घेत आहेत, काही रुग्णालयांत प्रशिक्षणार्थी डॉक्टर म्हणून रुजू झाली आहेत. त्यांच्या वेळापत्रकात ‘गटचिंतना’चा एक तास असतो. आम्हा पालकांपैकी अनेकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. आम्ही म्हणतो, हा तास हवाच. परंतु अनेक ठिकाणी तो ज्या रीतीने उरकला जातो, ती रीत दुर्बलाचे तोंड बंद करणारी आहे.

मूळ कल्पना अशी नव्हती. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल व एनिड बालिंट यांनी सामान्य व्यवसायी डॉक्टरांचे गट सुरू केले. बालिंट गटात एक डॉक्टर कागद न पाहता एखाद्या रुग्णाची हकिकत सांगतो. मग तो मागे सरून नुसता ऐकतो आणि इतर जण डॉक्टर-रुग्ण नात्याविषयी बोलतात. उपचार बरोबर की चूक, याचा निवाडा तेथे होत नाही.

आमच्या मुलांच्या वाट्याला मात्र अनेकदा असे येते की, ज्या कन्सल्टंटने पुढे त्यांचा अहवाल लिहावयाचा, तोच वर्तुळात बसून विचारतो, ‘काही त्रास आहे काय?’ त्याला ‘हो’ कोण म्हणेल? शिवाय चिंतन लिहून नोंदवहीत ठेवावयाचे! २०१८ साली एका बालरोग प्रशिक्षणार्थीचे नाव नोंदणीतून काढले गेले व अपील न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले, त्या वेळी देशभरच्या तरुण डॉक्टरांत हीच भीती पसरली. जनरल मेडिकल कौन्सिलने आपण चौकशीसाठी अशी टिपणे मागत नसल्याचे स्पष्ट केले. न्यायालय मात्र ती मागू शकते.

भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला. रुग्णाशी कसे बोलावे हे शिकविले जाते, ते योग्यच. पण वरिष्ठाच्या बोलण्याने होणारी जखम कोणत्या वर्तुळात दाखवावयाची?

म्हणून आमचा आग्रह आखणीचा आहे. सूत्रधार दुसऱ्या विभागातला असावा, गुणांवर त्याचा अधिकार नसावा. आठ-दहा जणांचा तोच गट वर्षभर टिकावा. त्या तासापुरता ब्लीप दुसऱ्याकडे सोपवावा, नाहीतर अर्धे जण मधूनच उठून जातात. लेखी फक्त हजेरी राहावी. रुग्णाला धोका असेल तर गोपनीयता कोठे संपते, हे आरंभीच सांगावे. आणि वंश, जात, उच्चार यांवरून झालेला अपमान हाही येथे बोलण्याचा विषय आहे, असे सूत्रधाराने स्वतःहून म्हणावे. ते ओझे अपमानितावर टाकू नये.

घरी ‘निमूटपणे पदवी घे’ असे सांगणाऱ्या आमच्या पिढीनेही हे ऐकावे. आणि आमच्यातले जे आज कन्सल्टंट आहेत, त्यांनी आपल्या विभागात एवढेच विचारावे : या वर्तुळात कोणाचे गुण कोणाच्या हाती आहेत?