पुरस्कार पुरे, आता संरक्षण द्या

साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांना २०२५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. इंदिरा गांधी आणि जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला हा मान आता आपल्या भागात आला, याचा अभिमान रास्त आहे. पण त्यांच्या कामाची पद्धत पाहिली की शासनाला जाब विचारावासा वाटतो. दलित महिला विकास मंडळ आणि लेक लाडकी अभियान यांनी गर्भलिंग निदान करणारी केंद्रे उघडी पाडली ती गर्भवती स्त्रियांच्या साथीने. अशी स्त्री केंद्रात जाते, पैसे मोजते, पुरावा मिळवते आणि पुढे न्यायालयात साक्षीलाही उभी राहते. पुरस्काराच्या बातमीत तिचे नाव नसते. जोखीम मात्र तिचीच असते.

महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. तरीही २०११च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८६७ मुली होत्या. मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेही एका विवाहितेचा जीव गेल्यानंतर. परळीतल्या एका डॉक्टरविरुद्ध लेक लाडकी अभियानाने २०१०मध्येच पुरावा गोळा केला होता. २०१२मध्ये त्याच्याकडे एका महिलेचा मृत्यू झाला आणि त्या मृत्यूच्या खटल्यात शिक्षा लागायला २०१९ उजाडले. कायदा होता, पुरावा होता, पण यंत्रणा हलली नाही.

यंत्रणेला जमतच नाही म्हणावे, तर सांगली जिल्ह्यातल्याच शिराळ्याची नागपंचमी पाहावी. जिवंत नागाच्या पूजेवर उच्च न्यायालयाने निर्बंध घातले, तेव्हा लोकभावना विरोधात होती. तरीही दरवर्षी वन खाते आणि पोलीस गावात बंदोबस्ताला उभे राहिले. वन्यजीव कायद्यासाठी गावातल्या कुणा बाईला पुढे व्हावे लागले नाही. गर्भलिंग निदानाबाबत मात्र पुढे व्हायचे ते सामान्य स्त्रीने. तालुक्याच्या गावात डॉक्टरला मान असतो, त्याचे पाहुणे-रावळे आणि राजकीय ओळखी असतात. खटला चालू असताना तिला त्याच बाजारात, त्याच एसटी स्टँडवर वावरायचे असते. सासर-माहेरचा दबाव वेगळाच.

डॉक्टरला फसवून अडकवले, असा आक्षेप घेतला जातो. पण या गुन्ह्यात पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गप्प राहतात, आणि जिचा जीव जातो तिला तक्रार करता येत नाही. असा गुन्हा दुसऱ्या कोणत्या मार्गाने उघड होणार? नकार देणाऱ्या डॉक्टरला कोणीही अडकवू शकत नाही. दुसरा आक्षेप, प्रत्येकीला पोलीस कुठून द्यायचे, आणि दिले तरी उपयोग काय? होंडुरासच्या पर्यावरण कार्यकर्त्या बेर्ता कासेरेस यांना संरक्षण देण्यास आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने २००९मध्ये सांगितले होते. २०१६मध्ये त्यांची घरात घुसून हत्या झाली. कागदावरचे संरक्षण कुणाला वाचवत नाही, हे खरे. आपल्याकडे तर कागदही अपुरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना मुख्यतः सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. गर्भलिंग निदानाच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे खबर देणाऱ्याला सरकारकडून बक्षीस आहे, पण साक्ष देणारीला या योजनेची ढाल नाही.

राज्य सरकारने या साक्षीदार स्त्रियांना संरक्षणाच्या कक्षेत स्पष्टपणे आणावे. सापळे रचण्याची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि पोलिसांनी उचलावी, संस्थांच्या भरवशावर राहू नये. साक्ष लवकर नोंदवावी, ओळख गुप्त ठेवावी. वर्षाताईंचा सत्कार करणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराने व्यासपीठावरून उतरल्यावर एवढी मागणी विधिमंडळात आणि संसदेत लावून धरावी.