वांद्र्याच्या देवळांतली मायबोली

थोड्या दिवसांमागें वांद्र्याच्या एका देवळांत आम्ही एका अंत्यविधीस गेलों होतों. निवर्तलेली बाई कोळीण. तिचा उभा जन्म मासळीबाजारांत गेला आणि इंग्रजीशीं ओळख झाली ती गिऱ्हाइकाशीं भाव करण्यापुरती. आदले रात्रीं घरीं तिच्या उशाशीं मराठींत जपमाळ चालली होती. देवळाचा उंबरठा ओलांडतांच वाचन, गायन, प्रवचन सारें इंग्रजींत झालें. तिच्या बहिणी मागच्या बांकावर हात जोडून बसल्या होत्या व इतरांचें ऐकून ‘आमेन’ म्हणत होत्या. या प्रकाराविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कांहींना कडू लागतील, त्यास इलाज नाहीं.

वांद्र्यास ख्रिस्ती धर्म सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आला. ज्या कोळ्यांनीं व कुणब्यांनीं तो पत्करला, त्यांनीं श्रद्धा बदलली, भाषा बदलली नाहीं. चिंबई, रानवर, पाली या गांवठाणांतल्या जुन्या घरांतून ती अद्याप ऐकूं येते. टेकडीवरच्या माउंट मेरीस कोळी मोतमावली म्हणतात. ऑक्टोबरांत नव्या भाताच्या लोंब्यांस आशीर्वाद देण्याचा आगेऱ्याचा सण, लग्नाआधीं वाजतगाजत विहिरीवरून आणावयाचें उंबराचें पाणी, हे संस्कार लिस्बनहून किंवा लंडनहून आलेले नाहींत. ते या मातींतले आहेत व त्यांचीं गाणीं मराठी आहेत.

मग देवळांत इंग्रजी आली कोठून? ती धर्मानें आणली नाहीं, चाकरीनें आणली. इंग्रजी अमलांत सरकारी कचेऱ्यांत व रेल्वेंत नोकऱ्या मिळूं लागल्या. त्याच नोकऱ्यांसाठीं गोव्याचे व मंगळुरचे ख्रिस्ती बंधूही मुंबईस आले. त्यांच्याहून आपण निराळे व या भूमीचे मूळचे, हें सरकारास कळावें म्हणून १८८७ सालीं, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आठवणीनें तें घेतलें, ती स्वतः १८७४ सालींच विसर्जित झाली होती! पोटासाठीं केलेल्या या व्यवहारास आम्ही दोष देत नाहीं. परंतु कचेरींत लागणारी भाषा कचेरींतच ठेवावयाची होती. ती वेदीपर्यंत आणण्याचें कारण काय?

लॅटिन उपासनेच्या काळांत निदान सर्वांस सारखेंच कळत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनाविधीसंबंधीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यानें देशभाषांस दार उघडलें. हेतु हा कीं, लोकांनीं आपल्या बोलींत देवाशीं बोलावें. वसईच्या ख्रिस्ती समाजानें त्या दारांतून मराठी आंत नेली. वांद्र्यानें काय केलें? लॅटिन बाहेर काढलें व त्या आसनावर इंग्रजी बसविली. जत्रेच्या दिवसांत मराठीस थोडी जागा मिळते, पण तो पाहुणीचा मान झाला. घरच्या बाईस पाहुणी म्हणून पाट मांडणें हा कांहीं सन्मान नव्हे. आणि याहून मोठी शरमेची गोष्ट अशी कीं, फादर स्टीफन्स या जन्मानें इंग्रज असलेल्या जेझुइटानें १६१६ सालीं ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलें तें मराठी ओवींत. इंग्रजास जी भाषा प्रभूच्या कथेस योग्य वाटली, ती आम्हां मराठी भाषकांस चारशें वर्षांनंतर अपुरी वाटते!

कोणी म्हणेल, वांद्र्यांत आज गोवेकर, मंगळुरी, मल्याळी असे सर्व ख्रिस्ती राहतात; सामायिक भाषा इंग्रजीच. हें खरें आहे, आणि इंग्रजी मिस्सा बंद करा असें आम्ही म्हणतही नाहीं. पण पाहुण्यांची सोय पाहतांना घरचीं माणसें मुकीं करावीं, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? दुसरा म्हणेल, तरुणांस मराठी प्रार्थना येत नाहींत. त्या त्यांना शिकविल्या कोणीं? धर्मशिक्षणाचा वर्ग इंग्रजींत भरवावयाचा आणि मग मुलांस मराठी येत नाहीं म्हणून हळहळावयाचें, हें खोड तोडून सावली शोधण्यासारखें आहे. तिसरा म्हणेल, आधुनिक काळीं इंग्रजीवांचून गति नाहीं. वसईच्या मुलांनीं काय इंग्रजी विद्या सोडली? त्याच समाजांतले धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वांद्र्याजवळ असें एक नांव आहे काय?

आमचे दुसरे प्रतिपक्षी देवळाबाहेर आहेत. ख्रिस्ती म्हणजे परका, असें ते म्हणतात. मेणाचे हातपाय घेऊन मोतमावलीच्या जत्रेस जो हिंदु समाज येतो, त्यास हें सांगून पाहावें. हा आरोप खोटा आहे. परंतु आपली बोली टाकून देणारा ख्रिस्ती त्या खोट्या आरोपास आपल्या हातानें पुरावा पुरवितो, हें आमच्या लोकांनीं ध्यानांत घ्यावें.

तेव्हां आमचें मागणें मोठें नाहीं. वांद्र्याच्या प्रत्येक देवळांत दर रविवारीं, भर सकाळच्या वेळीं, एक मिस्सा मराठींत व्हावा. मुलांस ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना आजीच्या भाषेंतही यावी. आणि मृताच्या घरचें माणूस मागेल तर त्याचा शेवटचा विधि मराठींत व्हावा. यास खर्च नाहीं, परवानगी साठ वर्षांपूर्वींच मिळाली आहे, उणीव आहे ती इच्छेची. मागच्या बांकावरच्या त्या बहिणींवर पुन्हां असा प्रसंग येईल तेव्हां त्यांना ‘आमेन’च्या आधींचेंही कांहीं बोलतां यावें, एवढेंच.