खेळाडूचा खर्च कोणी सोसावा?

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. परंतु प्रत्येक प्राचार्याने घर गहाण टाकावे काय? पेण-रोह्यात कबड्डी गावोगाव खेळली जाते. ज्या महाविद्यालयात क्रीडा-शिष्यवृत्ती नाही, तेथील खेळाडूने कोणाकडे पाहावे? ‘खेलो इंडिया’त २०१७ साली ठरलेली वार्षिक ५ लाखांची मदत देशभरातील निवडक खेळाडूंपुरतीच होती. निवड होईपर्यंतचा आहार, बूट, प्रवास यांचा भार गरीब पालकांवरच पडतो. म्हणून धाटावचे कारखानदार, पेणचे मूर्तिकार व दोन्ही नगरपरिषदा यांनी मिळून कायम निधी उभारावा, निवड गुणांवर करावी आणि हिशेब जाहीर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. विजयानंतरच्या सत्कारापेक्षा विजयापूर्वीचे साहाय्य अधिक मोलाचे होय.